बिनमातीची येळवस

पाण्यालाही श्वास घ्यावा लागतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. आधी कळलं असतं तरी मी काही केलं नसतं. पाणी आणि त्याचा श्वास हा त्या दोघांचा आपसातला मामला आहे, आपण कशाला मध्ये पडा, असंच म्हणालो असतो. पण यंदा मला मध्ये पडावं लागलं, आणि पडलो तो चांगला गळ्यापर्यंत पडलो.

मी धाराशिवात भूकरमापक आहे, म्हणजे लोकांच्या जमिनी मोजतो. बांधावर मशीन लावून उभा राहतो आणि दोन्ही बाजूंच्या भावकीच्या शिव्या खातो. एवढ्या जमिनी मोजल्या, पण माझ्या स्वतःच्या नावावर ढेकूळसुद्धा नाही. एरवी याचं काही वाटत नाही. येळवस आली की वाटतं.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडं अख्खा जिल्हा उठून शेतात जातो. कडब्याची कोप म्हणजे खोपटी उभारायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, शेताला फेरी मारत पिकावर अंबील शिंपडायची आणि मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर खाऊन तिथंच आडवं व्हायचं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले बोलावतात. मलाही बोलावणी असतात. ज्यांची मोजणी झाली ते बोलावतात, आणि ज्यांची व्हायची आहे ते जास्त आग्रहानं बोलावतात. मी जातो, पंगतीला बसतो, आणि दरवर्षी कुणीतरी शेजारच्या पाहुण्याला माझी ओळख करून देतो, "हे आपले मोजणीसाहेब. यान्ला शेत न्हाय." दुसरं वाक्य आवाज खाली आणून सांगतात. त्यामुळं ते जास्त ऐकू येतं.

माझे सासरे शंभुलिंगअप्पा उमरग्याकडचे. सरकारी नोकरी बघून त्यांनी मला मुलगी दिली, पण शेत नसलेला माणूस त्यांच्या लेखी पुरा माणूस नाही, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. जावईबापू म्हणून पाट मांडतील, ताटात तूप ओततील, पण पीकपाण्याची गोष्ट निघाली की माझ्यावरून नजर उचलून दुसऱ्या कुणावर तरी ठेवतील. दुसरं कुणी नसेल तर म्हशीवर ठेवतील.

दसऱ्याच्या सुमाराला अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते आमच्याकडं राहायला आले. डॉक्टर म्हणाले, संक्रांतीपर्यंत ढेकळात पाय टाकायचा नाही. अप्पांनी विचारलं, "आन् येळवस?" डॉक्टर पुण्याकडचे होते. त्यांनी ते औषधाचं नाव समजून "ती गोळी आता बंद करा" असं सांगितलं.

त्या दिवसापासून अप्पा खिडकीशी बसून राहिले. जेवण निम्म्यावर आलं. माझी बायको शिवकांता स्वयंपाकघरात डोळे पुसायची. "जन्मात एकदा त्यांची येळवस चुकली न्हाय," म्हणायची. एका संध्याकाळी मला ते बघवेना आणि मी बोलून गेलो, "अप्पा, यंदाची येळवस आपल्या शेतात करू. वर गच्चीवर." अप्पांनी मान वळवून सरळ माझ्याकडं पाहिलं. शेताच्या विषयात त्यांनी माझ्याकडं पाहण्याची ती पहिलीच खेप होती. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

गच्चीवर शेत करायचं तर माती हवी, पण आमचा स्लॅब ज्या कंत्राटदारानं घातला त्यानंच हात जोडून सांगितलं, "वर माती टाकू नका. आन् जमलं तर माणसंबी जास्त चढवू नका." म्हणून बिनमातीची शेती. मोबाईलवर एक हसतमुख मनुष्य ती शिकवत होता. पाइपांना भोकं पाडायची, भोकांत रोपं बसवायची, आतून खताचं पाणी खेळवायचं. आमच्या गच्चीची चतुःसीमा अशी: पूर्वेस शेजारच्या सत्यभामाबाईंची कपडे वाळत घालण्याची दोरी, पश्चिमेस पाण्याची टाकी, दक्षिणेस दादामियाँच्या घराचे पत्रे, उत्तरेस रस्ता. या हद्दीत मी पाइप मांडले, पालक, मेथी, कोथिंबीर लावली, खाली निळा ड्रम ठेवला आणि थंडीमुळं रिकाम्या बसलेल्या कूलरची मोटर त्यात सोडली. पाणी ड्रमातून वर जायचं, सगळ्या मुळ्यांना भेटून परत ड्रमात यायचं. रोपं तरारली. मी ऑफिसात पेढे वाटणार होतो, पण शिवकांता म्हणाली, थांबा.

बरं झालं थांबलो. आठवडाभरात पालक पिवळा पडला. एक रोप उपसून पाहिलं तर मुळी चिंचेच्या कोळासारखी काळी आणि बुळबुळीत, वास वेगळाच. हसतमुख मनुष्याच्या पुढच्या भागात खुलासा होता. साचल्या पाण्यातली हवा संपते, मग मुळ्या गुदमरतात. पाण्यात सतत हवा मिसळत राहा. हे त्यानं पहिल्या भागात सांगितलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं, कोण जाणे.

सत्यभामाबाई दोरीवरून सगळं बघत होत्या. त्या शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, पण सांगण्यातून नाही. म्हणाल्या, "भाऊ, त्यात काय एवढं. ताक घुसळता तसं घुसळा." मी घरातली रवी वर नेली आणि ड्रम घुसळू लागलो. शिवकांतानं वर येऊन रवीकडं पाहिलं, ड्रमाकडं पाहिलं. मग म्हणाली, "ती रवी माझ्या आईची हाय." तेवढंच म्हणाली आणि खाली गेली. मी मात्र घुसळत राहिलो. सकाळी ऑफिसच्या आधी, संध्याकाळी ऑफिसनंतर. त्याचा परिणाम असा झाला की बांधावर खुणा करताना माझा हात थरथरायला लागला, आणि एका गटातल्या वादीनं वर अर्ज केला की मोजणीसाहेबांना समोरच्या पार्टीनं दम दिलेला दिसतो, तरी मोजणी दुसऱ्या माणसाकडून व्हावी. साहेबांनी मला बोलावून विचारलं. पालकासाठी पाणी घुसळतो, हे मी त्यांना सांगू शकलो नाही. दम दिला होता, असं कबूल करून आलो.

मग ठरवलं की पाणी उंचावरून पडू द्यावं. पडणारं पाणी आपली हवा आपण घेतं. मोटरच्या पाइपाला फाटा काढून तो पार टाकीच्या कठड्याला बांधला, तिथून धार खाली ड्रमात. सुंदर आवाज व्हायचा. फक्त माझ्या एक लक्षात आलं नाही की आमच्या गल्लीत नळ कधीतरी येतो, आणि तो आला की माणसं हातातलं काम टाकून धावतात. धारेचा आवाज ऐकून पहिल्या सकाळी अर्धी गल्ली घागरी घेऊन दारात उभी राहिली. दुपारपर्यंत त्यांना कळलं की पाणी फक्त आमच्या गच्चीवर आलंय. त्यानंतर माझ्याशी कुणी नीट बोललं नाही.

तक्रार गेली आणि नगरपालिकेकडून अमरसिंह नावाचा तरुण आला. फार नम्र मुलगा. चप्पल काढून गच्चीवर आला.

"साहेब, आपल्याकडं दिवसभर पाणी वाहतंय अशी तक्रार हाय."

"वाहत नाही, फिरतंय," मी म्हणालो. "तेच पाणी. थेंबभर वाया जात नाही. मुळ्यांना हवा मिळावी म्हणून वरून पाडतोय. शेत आहे हे."

त्यानं पाइपांना एक चक्कर मारली. "शेत असंल तर लईच बरं. शेती म्हणून सोडून देता यील. न्हायतर मला कारंजं म्हणून लिहावं लागतंय, आन् टंचाईत कारंज्याला परवानगी न्हाय. सात-बारा तेवढा दाखवा."

मला सात-बारा मागितला. मी त्याला समजावू लागलो की सात-बारा तलाठ्याकडं असतो, आमच्या खात्याकडं नकाशा असतो, दोन्हींत फरक आहे. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मग नकाशा दाखवा." ज्या माणसाच्या सहीचे नकाशे घेऊन लोक कोर्टात भांडतात, त्या माणसाकडं त्या क्षणी दाखवायला नकाशा नव्हता. अमरसिंहानं सुस्कारा टाकला. "म्हंजी शेत न्हाय," तो म्हणाला, जिन्याच्या तोंडाशी उभं राहून, चांगल्या मोठ्या आवाजात. आवाज बंद केला तर काही लिहिणार नाही, असं सांगून तो चप्पल घालून गेला. खाली अप्पांनी सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरीही पुरती खाल्ली नाही. मला अमरसिंहाचा राग आला नाही. माझाच आला.

आता बिनआवाजाची हवा हवी होती. दादामियाँ एसटीत ड्रायव्हर होते. त्यांचं म्हणणं, जगात असा एकही प्रश्न नाही जो टायरपाशी येऊन सुटत नाही. "साहेब, ट्रॅक्टरची ट्यूब आणतो. ठासून हवा भरायची, नळी पाण्यात सोडायची. हौलेहौले हवा जाईल. आवाज नक्को, लाइट नक्को." ट्यूब आली. तिच्यावर दाब राहावा म्हणून मी आमचा पाटा चढवला. नळीतून बारीक बुडबुडे निघू लागले. आम्ही दोघं खुर्च्या टाकून, चहा पीत ते बघत बसलो. मी खरं सांगतो, इतकं समाधान मला प्रमोशनच्या वेळीही झालं नव्हतं.

थोड्या वेळानं बुडबुडे मंदावले. दादामियाँ म्हणाले, वजन कमी पडतंय, आणि पाट्याशेजारी स्वतः बसले. दादामियाँ अंगानं भारदस्त आहेत. नळी सुटली. ट्यूब त्यांच्याखालून निघून पश्चिमेच्या टाकीवर आपटली, पाटा दक्षिणेच्या पत्र्यावर गेला, दादामियाँ मेथीत बसले आणि ड्रम पूर्वेकडं कलंडून खताचं सगळं हिरवं पाणी सत्यभामाबाईंच्या धुतलेल्या साड्यांवर गेलं. कुणाला लागलं नाही. दादामियाँ मेथीतूनच म्हणाले, "पाण्यात हवा तर गेली ना साहेब?" सत्यभामाबाई चार दिवस दोरीवर आल्या नाहीत. त्यांचं न बोलणं हे बोलण्यापेक्षा भारी पडतं, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात गेलो. काचेच्या पेटीत बुडबुडे सोडणारा छोटा पंप असतो, त्याला नळ्या आणि नळ्यांच्या टोकाला सच्छिद्र दगड. दुकानदारानं विचारलं, "मासे कोणते?" मी म्हणालो, "पालक." त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग त्यानं पंप बांधून दिला.

पंप घरघर करायचा. सत्यभामाबाई नुकत्या बोलायला लागल्या होत्या, त्यांना पुन्हा गप्प करायची माझी हिंमत नव्हती. म्हणून पंप खाली जिन्यात ठेवला आणि लांब नळ्या गच्चीवर नेल्या. उत्तम चाललं होतं. मग एके दिवशी दुपारी लाइट गेली. पंप थांबला. हवा थांबल्याबरोबर ड्रममधलं पाणी त्याच नळ्यांत शिरलं आणि खाली निघालं. पाण्याला उताराची वाट दिसली की ते कुणाची मंजुरी घेत नाही. पंप बुडाला, जिना भिजला आणि हिरवं पाणी हॉलमध्ये आलं. तिथं अप्पा पलंगावर बसून पाय हलवण्याचा व्यायाम करत होते. त्यांनी पाणी पाहिलं आणि ओरडले, "शिवे, पाट फुटला गं. दारं धर." आणि काठी न घेता, कुणाचा हात न धरता उठून उभे राहिले. डॉक्टरांना हे कळलं तेव्हा त्यांनी व्यायामाचं फार कौतुक केलं. पाण्याचं आम्ही सांगितलं नाही.

यातून शिकलो ते हे की पंप पाण्यापेक्षा उंच हवा. नवा आणला, जुन्या गोधडीत गुंडाळला, बादलीत घातला आणि टाकीच्या कठड्याला टांगला. आवाज गोधडीनं खाल्ला. ड्रमात बुडबुडे उसळू लागले. बघता बघता नव्या मुळ्या फुटल्या, शेवयांसारख्या पांढऱ्या. पालक तळहाताएवढा झाला. मी ऑफिसातून आलो की बूट न काढता आधी वर जायचो.

येळवशीच्या सकाळी शहर रिकामं झालं. मी आणि दादामियाँनी अप्पांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिना चढवला. वर कडब्याची छोटी कोप उभारली होती. शिवकांतानं भज्जी, उंडे, खीर आणि केळीभर अंबील केली होती. केळी म्हणजे मातीचं मडकं. सत्यभामाबाई नवी साडी नेसून, पाइपांपासून अंतर राखून बसल्या.

अप्पांनी पानं उलटून पाहिली. "कीड?"

"नाही अप्पा."

"रोग?"

"अजिबात नाही."

"हं," अप्पा म्हणाले. त्या हुंकारात कौतुक नव्हतं. मी घाईघाईनं सगळी यंत्रणा समजावली. मोटर दाखवली, हवेचे दगड दाखवले, आणि छाती पुढं काढून म्हणालो, "या ड्रमात जे घालाल अप्पा, ते प्रत्येक मुळीपर्यंत जातं." हे वाक्य मी बोललो नसतो तर पुढचं काही झालं नसतं.

पूजा झाली. आता अंबील शिंपडत शेताला फेरी मारायची. अप्पांनी केळी मांडीवर घेतली, आपल्या गुडघ्याकडं पाहिलं, मग पाइपांकडं पाहिलं. "जावईबापू, हितं घातलेलं समद्या मुळ्यांला जातंय म्हणलात न्हवं?"

"हो, पण अप्पा—"

पण म्हणेपर्यंत त्यांनी अख्खी केळी ड्रमात रिकामी केली. ताक, ज्वारीचं पीठ, मीठ, लसूण, सगळं.

आधी काहीच झालं नाही. मग ड्रमात दगडांनी आपलं काम सुरू केलं. खालून हवा, वर ताक. ड्रमाच्या तोंडाशी फेस आला, वाढला, कडेवरून उतरला. मोटरनं तोच वर नेला आणि प्रत्येक भोकातून, प्रत्येक पालकाच्या बुडाशी पांढरा फेस उभा राहू लागला. कोथिंबीर दिसेनाशी झाली. माझं डोकं तापलं. एवढ्या महिन्यांची मेहनत, आणि या माणसानं एका झटक्यात. मी बटणाकडं धावलो.

"शिवे, उतू गेलं गं," अप्पा म्हणाले.

मी वळून पाहिलं. अप्पांनी टोपी काढून हात जोडले होते. त्यांच्या शेतात दर येळवशीला कोपीपुढं दूध उतू घालतात. ज्या अंगाला उतू जाईल तिकडून पाऊस येतो, असं ते मानतात. गच्चीवर चूल मांडायची नाही म्हणून यंदा ते राहिलं होतं. फेस पूर्वेकडं सरकत होता. "उगवतीला चाललंय," अप्पा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. सत्यभामाबाईंनी नवी साडी उचलून धरली आणि बाजूला सरकून फेसाला वाट दिली. माझं बोट बटणावर होतं. ते मी काढून घेतलं. जीव पालकात अडकला होता, पण बटण काही दाबवेना.

अप्पा त्या दिवशी पोटभर जेवले, खीर दोनदा मागून घेतली. गावाकडून त्यांच्या मुलाचा, कृष्णराजचा, फोन आला. "अप्पा, कुठं बसलाव?" त्यानं विचारलं. "गच्चीवर," अप्पा म्हणाले. खरं तेच ते बोलले होते. तरी 'शेतात' म्हणाले असते तर, असं वाटून मी खिरीची वाटी बाजूला सारली.

पुढं व्हायचं ते झालं. पिठानं दगड बुजले, हवा बंद झाली, मिठानं पानं माना टाकून बसली आणि नासलेल्या ताकाचा वास गल्लीत सुटला. मी गुपचूप ड्रम धूत राहिलो. अप्पांनी विचारलं की सांगायचो, सगळं ठीक आहे. त्यांच्या हातून गेलं हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

एका सकाळी मी मेलेली रोपं उपसत होतो. मागं काठीचा आवाज आला. अप्पा कठडा धरून, एकेक पायरी चढून वर आले होते. त्यांनी एक मुळी हातात घेतली, चुरगाळली, वास घेतला.

"थंडीनं झालं अप्पा," मी म्हणालो. "यंदा थंडी जास्त पडली."

"थंडीनं न्हाय. अंबीलीनं झालं. मला काय कळत न्हाय व्हय?" ते पालथ्या बादलीवर टेकले. बराच वेळ पाइपांकडं बघत राहिले. मी रोपं उपसत राहिलो.

"येळवशीला वर आलो तवा बघितलं," अप्पा म्हणाले, "कीड न्हाय, रोग न्हाय, पानाला डाग न्हाय. मनात म्हणलं, जावयानं खेळणं मांडलंय. खोटं कशाला बोलू. आता समदं बुडालं. ते बी परक्याच्या न्हाय, घरच्या माणसाच्या हातानं बुडालं." त्यांनी हातातली मुळी खाली टाकली आणि हात झटकले. "आता शेत झालं हे. बोला, काय पेरायचं?"

मी हात पुसले. मग म्हणालो, मेथी लवकर येते. अप्पा म्हणाले, मेथी नको, आंबट चुका लावा. त्यावर आमचा वाद झाला. शेताच्या विषयात अप्पांनी माझ्याशी भांडण्याची ती पहिलीच खेप होती, आणि त्यांनी मला अजिबात सोडलं नाही.

बियाण्याचा डबा आणायला खाली आलो. शिवकांता चहा गाळत होती. म्हणालो, "ऐकलंस का, आपल्या शेतातलं पीक बुडालं."

ती गाळणं हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "मग त्यात हसताय कशाला?" म्हणाली.